लिफ्टसमोरचा बाक

“आजी, प्लीज उठा. हा बाक आज हलवायचा आहे.”

“हलव की. मी कुठं धरून ठेवलाय? माझ्यासकट हलव!”

“असं नाही करता येत, आजी.”

“मग जसं करता येतं तसं कर. दोन माणसं माझ्या बाजूनं लाव, चार नागूबाईच्या बाजूनं. तिचं वजन जास्त हाय.”

“माज्या वजनावर नको जाव!” बाकाच्या दुसऱ्या टोकावरून नागूबाई ओरडली. भांडण मॅनेजरशी चाललेलं, पण तिला भांडायला कोणीही चालतं.

मॅनेजर नवा. महिन्यापूर्वी आलेला. पोरगा वाईट नाही. गळ्यात टाय, हातात फोन, आणि दर दोन वाक्यांनी “पॉलिसी”. आमच्या मॉलच्या तळमजल्यावर लिफ्टसमोर एक लांब लाकडी बाक आहे. तो काढून त्याला तिथे मसाजच्या खुर्च्या लावायच्या होत्या. पैसे भरले की पाठ रगडून देणाऱ्या. त्या ट्रॉलीवर येऊन उभ्याही राहिल्या होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

आणि बाकावर आम्ही पाच जण. मी जानकी, विचुंब्याची. तीस वर्षं पनवेलच्या बाजारात वाल आणि भाजी विकली. नागूबाई उरणकडची कोळीण, सुक्या मासळीवाली. सकीनाआपा मोहल्ल्यातली शिलाईवाली. बापू एसटीचा रिटायर ड्रायव्हर. आणि गोदा. ती सोलापूरहून इथे मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेली, आणि दिवसाला फार तर दहा शब्द बोलणारी.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. बाक गेला असता तर माझं काही अडलं नसतं. विचुंब्यात माझं घर आहे, दाराला साधी कडी आहे. अडत होतं गोदाचं. मुलगा आणि सून कामावरून येईपर्यंत तिला स्वतःच्या घरात शिरता येत नाही. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत तिला हा बाक सोडून बसायला जागा नव्हती. आम्हा चौघांना हे ठाऊक होतं, आणि चौघांपैकी एकानेही ते बाहेरच्या कोणासमोर कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशीही काढायचं नव्हतं. म्हणून मी आपली भलत्याच मुद्द्यांवर भांडत होते.

“पण आजी,” मॅनेजर म्हणाला, “तुम्ही सगळे इथे रोज येऊन नक्की करता तरी काय?”

आता घ्या! करतो काय? आम्ही काहीच करत नाही, आमच्याभोवती होत राहतं. एसीच्या नळीतून थेंब थेंब पाणी ठिबकतं, कोणाचं लक्ष नसतं. खाली बादली ठेवली की संध्याकाळी कळतं, अरे, एवढं साचलं! किस्से तसेच साचतात. बसायला एक जागा हवी, आणि तोंड गप्प न ठेवणारी दोनचार माणसं हवीत. नागूबाई एकटीच तिघांना पुरते.

मॅनेजरला त्या दिवशी मी त्यातले बरेचसे ऐकवले. काही गिळले. तुम्हाला सगळे सांगते.

*

मॉल उघडला त्याच आठवड्यातली गोष्ट. माझ्या पुतण्याच्या हळदीचा बस्ता काढायला आम्ही चौदा बायका विचुंब्याहून आलो. आमच्यात हळद ही लग्नापेक्षा मोठी असते, चौदाजणींना एका रंगाच्या साड्या लागतात. साड्या वरच्या मजल्यावर, आणि वर जायला सरकता जिना.

जिना आपला चाललाय, पायरीमागून पायरी, आणि फरशी अशी चकचकीत की वाकून बघितलं तर दात दिसावेत. तिथे चिखलाच्या चपला घालून कसं चढायचं? पहिली चप्पल मी काढली. त्यात लाज कसली? दुसऱ्याच्या घरात आपण चपला घालून शिरतो का? माझ्यामागे तेराजणींनी काढल्या. भिंतीकडेला नीट ओळीत लावल्या आणि चढलो.

अर्ध्या जिन्यावर मागून एका जीन्सवाल्या बाईनं मला गाठलं. “आंटी, ऊपर मंदिर है क्या?”

“हळदीचा बस्ता हाय,” मी म्हटलं.

तिनं हात जोडले.

दोन तासांनी साड्यांचे गठ्ठे घेऊन उतरलो तर खाली चपलाच चपला! आमच्या चौदा जोड्या सापडेनात. आमच्यामागून जो जो आला त्यानं ओळ बघितली, आणि आपल्याही काढून ठेवल्या. त्यात उंच टाचांच्या दोन जोड्या होत्या, मुलांचे लाईट लागणारे बूट होते आणि एक काळा बूटजोड गेटवरच्या गार्डचा होता! रामशरण त्याचं नाव. तो स्वतः पायमोज्यांवर उभा राहून आमच्या चपला राखत होता.

“तू का रे काढलेस?” मी विचारलं.

“सबने निकाले, अम्मा,” तो म्हणाला. “मैं अकेला पाप क्यों लूँ?”

*

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे सुक्या मासळीची बेगमी करतात. नागूबाईचं सगळं गिऱ्हाईक आता टॉवरांत राहतं. बाविसाव्या मजल्यावरून फोन येतो, “मावशी, बोंबील आणि सुकट आणा.” एका दुपारी वाटप करून उरलेली पिशवी तिनं सुपरमार्केटच्या सामान काउंटरवर जमा केली. टोकन घेतलं आणि आमच्यात येऊन बसली.

त्या काउंटरच्या डोक्यावर एसीची हवा ओढणारी मोठी जाळी आहे, हे कोणाला माहीत?

अर्ध्या तासात सुकट पहिल्या मजल्यावर पोचली. पाऊण तासात दुसऱ्या. अत्तराच्या दुकानातली मुलगी नाकाला रुमाल लावून बाहेर आली. कोणीतरी म्हणालं, उंदीर मेला. कोणीतरी म्हणालं, गॅस गळतोय. गॅस म्हटल्यावर झालं! भोंगा वाजला, सगळ्यांनी शांतपणे बाहेर चला म्हणून तीन भाषांत पुकारा झाला. सगळा मॉल उन्हात येऊन उभा. आम्हीही उभ्या. नागूबाई सगळ्यांत जास्त घाबरलेली, “आगो बय, काय गो फुटला आतमदी?” म्हणून मला चिकटलेली.

थोड्या वेळाने रामशरण तोंडाला फडकं बांधून, एका काठीच्या टोकावर पिशवी अडकवून बाहेर आला. नाग धरून आणावा तशी.

“ही तर माजी पिशवी!” नागूबाई किंचाळली.

शेकडो माणसं तिच्याकडे वळली. दुसरी कोणी असती तर जमिनीत गेली असती. तिनं पुढे होऊन पिशवी घेतली, तोंड उघडून माल जागेवर आहे का ते बघितलं, मग त्या सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली आणि म्हणाली,

“येवरी मानसं भाएर आली, पन एकान तरी भाव इचारला काय?”

*

बिरडं खाणारे पुष्कळ, सोलणारे कमी. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा चिमटून साल काढायची. एकटीनं घरी बसून केलं तर जीव जातो. म्हणून मी मोड आलेले वाल डब्यात घालून बाकावर आणते. मध्ये पेपर पसरायचा, पाच जणांनी सोलायचे. बापूसुद्धा सोलतो. गोदाचा हात सगळ्यांत जलद. तिची बोटं दिसतच नाहीत. साली पेपरात, दाणे डब्यात, फरशीवर कण नाही.

एक दिवस टॉवरमधली एक बाई समोर येऊन उभी राहिली. नखं रंगवलेली, खांद्याला योगाची चटई. बराच वेळ बघत होती. मग सकीनाआपाला म्हणाली, “एक्स्क्यूज मी, हे वर्कशॉप आहे का?”

आपा बिचारी खोटं बोलत नाही, पण कोणाला ‘नाही’ही म्हणत नाही. “बैठो बेटा,” म्हणाली आणि सरकली.

बाई बसली. “रजिस्ट्रेशन कुठे करायचं?”

“नंतर बघू,” मी म्हटलं. “आधी हे चिमटीत असं धर.”

तासभर तिनं सोललं. मधे डब्याचा फोटो काढला, स्वतःचा काढला, आमच्या हातांचा काढला. तिच्या मैत्रिणीचा फोन आला तर म्हणाली, “नंतर बोलते, मी सेशनमध्ये आहे.” मन कसं शांत झालंय, असं दोनदा म्हणाली. माझा अर्धा डबा तिनं एकटीनं सोलला, आणि जाताना थँक्यू तिनंच म्हटलं!

“पुढचं सेशन कधी असतं?”

“उद्या,” नागूबाई म्हणाली. “उद्या सुकट निवडायची हाय.”

आणि आली की ती दुसऱ्या दिवशी!

*

मी शाळेत गेलेली नाही. वाचायला शिकले ती पनवेलच्या एसटी स्टँडवर. भाजीची पाटी घेऊन बसायचं आणि समोर लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बघायच्या. कंडक्टर ओरडेल ते आणि पाटीवर असेल ते ताडून बघायचं. आयुष्यात पहिला शब्द वाचला तो ‘आपटा’, इथून जवळचं गाव. पुढे पेपर, मग पुस्तकं, मग भाडेकरूंचे करारनामेसुद्धा मी स्वतः वाचायला लागले. कोणाची मेहेरबानी नाही. एवढंच की भांडताना अजून ‘हाय’ आणि ‘नाय’ येतं. लिहिताना मी ‘आहे’ लिहिते.

तर ती आपट्याची गाडी चालवायचा बापू. तीस वर्षं मी त्याच्या गाडीची पाटी वाचत होते, आणि बाकावर बसायला लागल्यावर कळलं की हाच तो.

मॉलच्या मध्यभागी एकदा एक लांबलचक पांढरी गाडी प्रदर्शनाला ठेवली. बापूचे हात शिवशिवायला लागले. सेल्समननं मोठ्या अदबीनं दार उघडून दिलं, बापू स्टिअरिंगवर बसला. पाय खाली चाचपडतोय. “क्लच कुठाय?”

“सर, ऑटोमॅटिक आहे.”

“म्हणजे मी करायचं काय?”

तेवढ्यात त्याच्या गावची तीन माणसं मॉल बघायला आलेली. स्टिअरिंगवर बापू दिसला! जन्माची सवय ती. एकानं मागचं दार उघडलं, तिघं चढली, पिशव्या मांडीवर घेतल्या. “बापू, सुटणार कवा?”

सेल्समनला वाटलं, घरचं सगळं खटलं गाडी घ्यायला आलंय. चहा आला, बिस्किटं आली. मागच्या तिघांनी बिस्किटं खाल्ली. सेल्समन पंधरा मिनिटं गाडीचे गुण सांगत राहिला. हवेच्या पिशव्या, मागचा कॅमेरा, छताला उघडणारी काच. शेवटी हात चोळत म्हणाला, “मग सर, गाडी कशी वाटली?”

बापूनं एकदा मागे वळून बघितलं, एकदा छताकडे बघितलं.

“गाडी ब्येस हाय,” तो म्हणाला. “पन उभी मानसं घेता येनार नाय.”

*

मॉलमुळे गावं बिघडली असं सांगणारी माणसं मला भेटतात. बहुतेकदा मॉलमध्येच भेटतात. मी त्यांना विचारते, मग बसायचं कुठे ते सांगा. वडाचा पार होता, तिथून रस्ता गेला. देवळाला दुपारी कुलूप असतं. टॉवरच्या बागेत झोपाळा आहे आणि झोपाळ्यावर पाटी आहे, ‘फक्त रहिवाशांसाठी’. ही पाटी मला वाचता येते, तोच तर त्रास आहे. इथे आत शिरताना रामशरण पिशवीत दिवा मारून बघतो आणि सोडतो. मला मॉलबद्दल प्रेम वगैरे काही नाही. बसायला मिळतं.

त्या दिवा मारण्यावरून आपाचा किस्सा. तिच्या पर्समध्ये सुई, दोरा, बटणं आणि छोटी कात्री कायम असते. कात्री आत न्यायला मनाई. रोज सकाळी रामशरण ती काढून घेई, ड्रॉवरमध्ये ठेवी, संध्याकाळी परत देई. दोन वर्षं हा खेळ चालला. आपानं कितीदा समजावलं, “अरे बेटा, या कैचीनं मी कोणाला मारणार? हिनं धागा नीट तुटत नाही.” पण नियम म्हणजे नियम. त्यामुळे बाकावर आपा दोरा दातांनी तोडायची, आणि दात उरलेत चार.

बाकावर बसून तिचं काम काय, तर येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे बघणं. दुकानातून नवा कुडता घेऊन निघालेल्या मुलीला थांबवून, आतली शिवण उलटून दाखवणार. “बेटा, हे तर उसवलेलं आहे. किंमत शिवलेल्याची का दिली?” मग स्वतःच टाके घालून देणार. दुकानदार वैतागले होते. नंतर नंतर ते स्वतःच गिऱ्हाइकाला बाकाकडे पाठवायला लागले.

एका रविवारी भर गर्दीत रामशरण कोणाची तरी पिशवी तपासायला वाकला आणि त्याची पँट मागून फाटली. आवाज आमच्यापर्यंत आला. तो भिंतीला पाठ घासत घासत, तोंडानं “आइए, आइए” करत, कसाबसा आमच्या बाकापर्यंत पोचला.

“आपा, जरा सी दो ना.”

आपानं चष्मा लावला, फाटलेलं नीट बघितलं, सुईत दोरा ओवला आणि शांतपणे म्हणाली, “देते ना, बेटा. पण उसवायला आधी कैची लागेल. ती तुझ्याकडे जमा आहे.”

त्या दिवसापासून कात्री पर्समध्येच असते.

*

माझ्या भाचीच्या मुलीला स्थळ आलं. आता घरी येऊन मुलगी बघत नाहीत. फूड कोर्टमध्ये भेटतात. मुलगी मला फोन करून म्हणाली, “आजी, तो अकराला येईल, मी मुद्दाम बाराला येणार आहे. तुम्ही अकरालाच जाऊन मुलगा बघून ठेवा. निळा शर्ट, खिडकीजवळ.”

एवढा विश्वास टाकल्यावर मी एकटी कशी जाणार? नागूबाईला घेतलं.

खिडकीजवळ निळा शर्ट बसलेला. केस तेल लावून चापून बसवलेले, पुढ्यात फाईल. आम्ही समोर जाऊन बसलो तसा ताडकन उभा राहिला. “गुड मॉर्निंग मॅडम.”

“वळन चांगला हाय,” नागूबाई माझ्या कानात म्हणाली. तिचं कानात म्हणजे चार टेबलांना ऐकू जातं.

मी विचारलं, “गाव कुठलं?” त्यानं सांगितलं. “वडील काय करतात?” सांगितलं. “दारू, तंबाखू?” “नाही मॅडम, कधीच नाही.” फाईल उघडून दहावी, बारावीची सर्टिफिकिटं पुढे केली. स्थळ बघायला सर्टिफिकिटं घेऊन येणारा मुलगा मी पहिल्यांदा बघत होते. खूष झाले मी.

नागूबाईनं तिचा परीक्षेचा पेपर काढला. “मावरा खातस काय?” म्हणजे मासळी. “खातो मॅडम.” “साफ करता येते?” तो जरा गडबडला, पण म्हणाला, “शिकवलं तर करीन, मॅडम. कुठलंही काम असो. नाइट शिफ्ट पण चालेल.”

“नाइट शिफ्ट?” नागूबाई उसळली. “आनी पोर यकटी घरी रवल?”

“कोण पोर, मॅडम?”

मी फाईलच्या कव्हरवरचं वाचलं. बूट-चपलांच्या दुकानात सेल्समनच्या जागेसाठी अर्ज होता. त्याला अकरा वाजता इंटरव्ह्यूला बोलावलेलं. शेजारच्या टेबलावर आमचा खरा निळा शर्ट फोनमध्ये डोकं घालून बसलेला, त्यानं मान वर करून एकदाही इकडे बघितलं नाही.

मी नागूबाईला कोपरानं ढोसून उठवलं. तो पोरगाही उठला, हात बांधून, अगदी काकुळतीनं म्हणाला, “मॅडम, माझं सिलेक्शन होईल ना?”

नागूबाई काही अजून पुरती जागेवर आली नव्हती.

“आमाला तर पसंद हायस,” ती म्हणाली. “पोरीला इचारून सांगताव!”

*

गोदा पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो, कारण मी बाकावर एकटीच होते आणि समोर काचेचं दार होतं. जवळ गेलं की आपोआप सरकतं ते. बाहेर एक बारकीशी बाई येऊन थांबली. दार सरकलं. ती दचकून मागे झाली. दार लागलं. ती पुढे आली, दार उघडलं. मागे गेली, लागलं. असं चार वेळा. रामशरण हसायला लागला. मी त्याला दटावलं.

पाचव्या वेळी तिनं पदर डोक्यावरून घेतला, वाकली, आणि जिथे उंबरा असायला हवा होता तिथल्या लोखंडी पट्टीला हात लावून तो कपाळाला लावला. मग आत आली आणि माझ्या शेजारी बसली. चार दिवसांनी नाव सांगितलं.

एकदा तिला बाकावर बसल्या बसल्या चक्कर आली. मी रिक्षा करून तिला घरी सोडायला गेले. आठवा मजला. दाराला कुलूप नाही, किल्ली नाही. एक काळी चौकोनी काच. तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पदराला पुसून परत ठेवला. लाल दिवा. दहाही बोटं ठेवून झाली. तिनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या आहेत, बोटांवर ठसा म्हणून काही उरलेलाच नाही.

“नंबर दाबून उघडतं ना?” मी विचारलं.

एकदा दाबला होता. चुकला, भोंगा वाजला, सगळी बिल्डिंग गोळा झाली. मुलगा म्हणाला, आई, तू आता त्याला हात लावू नकोस. मुलगाही वाईट नाही. दार आतून उघडतं, बाहेर पाऊल टाकलं की मागे लागतं. म्हणजे दिवसभर आत, नाहीतर दिवसभर बाहेर. चार महिने तिनं आत काढले होते.

त्या दिवशी आम्ही दोघी सात वाजेपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशी मी बाकी तिघांना एवढंच सांगितलं की गोदाला कोणी ‘घरी कधी जाणार’ असं विचारायचं नाही. का, तेही सांगितलं. नागूबाईसुद्धा गप्प बसली. आजपर्यंत.

तर, भांडण.

तासभर मी मॅनेजरशी बोलत होते. चपला ऐकवल्या, सुकट ऐकवली, कात्री ऐकवली. तो दोनदा हसला. पँट फाटल्यावर तर मोठ्यानं. मला वाटलं, जिंकलं! पण मग त्यानं फोनमध्ये बघितलं, टाय सारखा केला आणि ट्रॉलीवाल्यांना हात केला.

“किस्से मस्त आहेत, आजी. पण वरून ऑर्डर आहे. इथे खरेदीला येणाऱ्यांना जागा पाहिजे. आणि तुम्हा सगळ्यांना घरं आहेत ना? घरी बसा की आरामात.”

यावर उत्तर होतं माझ्याकडे. एकच होतं, पण ते माझं नव्हतं. माझ्या जन्मात मी भांडणात गप्प बसल्याचं कोणी बघितलं नसेल, त्या दिवशी पाचसहा लोकांनी बघितलं. बापू लिफ्टचे आकडे बघायला लागला. आपा सुईत ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवायला लागली. नागूबाईनं श्वास घेतला, तशी मी तिच्या पायावर पाय दिला.

आणि गोदा उठली.

“बघा,” मॅनेजर खूष होऊन म्हणाला, “या आजी बघा किती समजूतदार आहेत.”

मला वाटलं, आता ही चालायला लागणार. पण ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, काचेच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि जे माझ्या तासाभराला जमलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात संपवलं. आवाजही चढवला नाही.

“साहेब, ह्या येवढ्या गावात मला बगून उघडनारं एकच दार हाय.”